व्याह्यांसाठी निवडलेली खाट

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खाट आहे. पण कुरकुरणारी नाही. माझ्यावर कितीही वजनदार माणसाने कूस बदलली, तरी माझ्या तोंडून चकार शब्द निघत नाही. शिकारीच्या तळावर हा गुण फार मोलाचा असतो. मी स्वतःची स्तुती करते आहे असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. ज्या खाटेला स्वतःवर भरवसा नाही, तिच्यावर माणसाने पाठ कशी टेकावी?

माझा जन्म अल्माटी शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे ट्रकांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवत असत. उरलेल्या जाड कापडाचे काय करायचे, म्हणून मालकाने खाटा करायला घेतल्या. लोखंडी नळ्या वाकवून माझे पाय झाले. चष्मा लावणाऱ्या एका बाईने माझ्या कापडाच्या कडा दुहेरी दुमडून पुन्हा पुन्हा शिवल्या.

शेजारचा कामगार तिला म्हणाला, "एवढं काय शिवत बसलीस? खाट आहे ती, पूल नाही."

ती म्हणाली, "पुलावरचा माणूस जागा तरी असतो. झोपलेल्याला कोण सावरणार?"

तेवढ्या बोलण्याने माझी छाती फुगली. कामावर रुजू होण्याआधीच मला माझे काम कळले होते.

तिथून मी इली नदीच्या काठी बाकानासच्या बाजारात आले. दुकानात आम्ही चार खाटा होतो. शरद ऋतू लागला होता, बदकांचे थवे जवळच्या सरोवरावर उतरू लागले होते, आणि एका सकाळी एर्मेक आणि त्याची बायको कुल्पाश दुकानात आली. एर्मेक हा मुरलेला शिकारी. सगळा जन्म तो लव्हाळ्यांच्या रानात लोकरीचा नमदा पसरून जमिनीवर झोपला होता. त्याला खाट नको होती. खाट हवी होती ती त्याच्या व्याह्यांना.

व्याह्यांचे नाव तोक्तार. गावातल्या पिठाच्या गिरणीचे मालक, अंगाने भरभक्कम. एर्मेकची मुलगी मरझान त्यांच्या घरी दिली होती. मरझान जनावरांची डॉक्टर. एकदा घोडीचे बाळंतपण करून ती घरी परतली, तर घरात पाहुणे बसलेले. तिने हात धुतले आणि चहा ओतायला बसली. तेव्हा तोक्तार सगळ्यांदेखत हसत म्हणाले, "आमच्या सुनेच्या चहालासुद्धा घोड्याचा वास येतो." पाहुणे हसले. तिचा नवरा दाउलेत मान खाली घालून ताटाकडे पाहत राहिला. मरझानने चहाची किटली खाली ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन माहेरी आली.

आता महिना उलटत आला होता. ना इकडून निरोप, ना तिकडून. शेवटी एर्मेकने व्याह्यांना बदकांच्या शिकारीचे आमंत्रण दिले. जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा, असे आमच्याकडे म्हणतात. हजार वर्षांचे नाते तुटू नये म्हणून कुल्पाश खाट निवडायला निघाली होती.

पहिली खाट चकचकीत आणि हलकी होती. कुल्पाशने एर्मेकला तिच्यावर झोपायला लावले.

"कशी आहे?"

"कंबरेखाली नळी टोचते."

"तुम्हाला टोचते, तर व्याह्यांच्या आरपार जाईल. उठा."

दुसरी स्प्रिंगची होती. एर्मेकने कूस बदलताच ती किंचाळली.

कुल्पाश म्हणाली, "अगं बाई! हिच्यावर कूस बदलली, तर पलीकडच्या काठावरची बदकंसुद्धा उडून जातील."

तिसरी अगदी जमिनीलगत होती. "हिच्यावरून व्याह्यांना उठवायला दोराच लागेल," असे म्हणून तिने तिला पायाने बाजूला सारले.

मग माझी पाळी आली. कुल्पाश आधी स्वतः बसली. तळवे जमिनीला टेकले, गुडघे काटकोनात राहिले. बसल्या बसल्या बूट चढवता येतील, हे तिने ताडले. मग आडवी होऊन तिने कोपर पसरून पाहिले. हात बाहेर लोंबत नव्हते. तरी तिचे समाधान होईना. एर्मेक होता काडीपहिलवान. त्याला पेलले म्हणजे काय मोठे झाले? तिने समोरच्या दुकानातल्या लठ्ठ कसायाला हाक मारली.

"ए भाऊ, जरा इथं येऊन झोप."

"काय म्हणता, आपा?"

"झोप म्हणते. व्याह्यांच्या मापाचा दुसरा माणूस बाजारात नाही."

कसाई लाजत लाजत माझ्यावर आडवा झाला. मी त्याला असे पेलले, की त्याने डोळेच मिटले. तिकडे गिऱ्हाईक ओरडू लागले तेव्हा तो नाइलाजाने उठला आणि म्हणाला, "आपा, तुम्ही नसाल घेणार, तर मी घेतो."

"जा, मांस काप तुझं," कुल्पाश म्हणाली. माझी निवड झाली होती.

घरी नेल्यावर तिने माझ्या मापाचा जाड नमदा कापला. "खाटेखालून वारा फिरतो," ती नवऱ्याला म्हणाली. "वर कितीही पांघरलं तरी पाठ गारठते. हा पाठीखाली अंथरा." मित्रांनो, हे शहाणपण पुष्कळ शिकाऱ्यांना म्हातारपणीसुद्धा येत नाही.

नावेतून आम्ही एका वाळूच्या बेटावर उतरलो. चारी बाजूंना लव्हाळी, मध्ये तंबू. एर्मेकने मला तंबूत मांडले आणि अभिमानाने कनात वर केली. तोक्तार आत आले आणि थबकले.

"ही कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, व्याही."

"मी काय आजारी आहे? माझे आजोबा खोगीर उशाला घेऊन बर्फात झोपायचे."

"अहो, तुमच्यासाठी खास निवडून आणली."

"मग तुम्हीच झोपा की."

"मी खाटेवर आणि व्याही जमिनीवर? लोक काय म्हणतील?"

"इथं कुठले लोक? बदकं?"

दोघेही हट्टाला पेटले. अखेर दोघेही जमिनीवर झोपले, एक माझ्या उजवीकडे, एक डावीकडे. आणि माझ्यावर झोपल्या दोन बंदुका आणि दोन टोप्या. मला राग आला का? मुळीच नाही. माणसाचा ताठा दोन दिवस टिकतो, कंबर एक रात्र. मी वाट पाहू शकत होते.

सकाळी दोघेही विव्हळत उठले. डोक्यावरून बदकांचा थवा गेला, तर दोघांनाही मान वर करता आली नाही. चहा झाला, तळलेले बौर्साक खाऊन झाले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, गिरणीच्या झाल्या. पण मरझानचे नाव कोणी काढले नाही. मग तोक्तार रबरी बूट चढवायला खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"अगं आई गं!"

"काय झालं, व्याही?"

"हात लावू नका! नका लावू! नाही... लावा!"

एर्मेकने त्यांना कसेबसे सावरत माझ्यावर निजवले. मी कापड ताणून त्यांना झेलले. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "खाट चांगली आहे हो."

त्यांना नावेत बसणे शक्य नव्हते. एर्मेक टेकाडावर चढून, जिथे फोन लागतो तिथून, फोन करून आला.

"कुणाला बोलावलंत?" तोक्तारांनी विचारले.

"डॉक्टरला."

"कुठल्या?"

"जवळ होती तिला."

ऊन वर आले तेव्हा लव्हाळ्यांतून इंजिनाचा आवाज आला. नाव वाळूला लागली आणि मरझान खांद्यावर पेटी टाकून उतरली.

तोक्तारांनी मान वळवून पाहिले. "व्याही! अहो, ही तर घोड्यांची डॉक्टर!"

"वजनाच्या हिशेबानं बरोबरच आहे," एर्मेक म्हणाला.

मरझान हसली नाही. तिने सासऱ्यांना पाय हलवायला सांगितले, बोटे वळवायला सांगितली, पायांना मुंग्या येतात का ते विचारले. मग माझ्याकडे एकदा पाहिले, माझे कापड दाबून पाहिले आणि म्हणाली, "हिच्यावरच राहू द्या. अता, पालथे व्हा. हळू." सासऱ्यांना ती अता, म्हणजे बाबा, म्हणत असे.

पेटीतून तिने मलमाचा डबा काढला. त्याचा उग्र वास तंबूभर पसरला. लंगड्या घोड्यांच्या पायांना ती तेच लावत असे, आणि गावचे म्हातारेही ते हक्काने मागून नेत. ती बराच वेळ सासऱ्यांची कंबर चोळत राहिली. तोक्तार कण्हत होते.

"अता, घोडा असता तर एव्हाना त्यानं मला लाथ मारली असती," ती म्हणाली. "तुम्ही शहाणे आहात."

तोक्तार हसले आणि हसताना पुन्हा कळवळले. मग माझ्या कापडात तोंड खुपसूनच ते बोलले. त्यामुळे ते शब्द सगळ्यांत आधी माझ्या कानी पडले.

"पोरी, त्या दिवशी मी जे बोललो... चुकलं माझं."

मरझानचा हात थांबला नाही. "पाहुण्यांसमोर बोललात, अता. इथं ऐकायला फक्त बदकं आहेत."

"मरझान!" एर्मेक दचकून ओरडला. पाहुणा आजारी, त्यातून व्याही, आणि आपली मुलगी हे असे बोलते! त्याचा चेहरा उतरला. हजार वर्षांचे नाते आता संपले, असेच त्याला वाटले असावे.

तोक्तारांनी माझ्या कडा घट्ट धरल्या. त्यांचा श्वास मला जाणवत होता, जोरात चालला होता. माणूस उभा असता तर पाय आपटत निघून गेला असता. पण ते माझ्यावर होते आणि उठू शकत नव्हते. त्यांना तिथेच थांबून विचार करावा लागला.

"ओरडू नका तिला, व्याही," शेवटी ते म्हणाले. "पोर बरोबर बोलते आहे."

दोन दिवस ते माझ्यावर पडून राहिले. एर्मेकने मारलेल्या बदकांचे सूप त्यांना तिथेच मिळाले. निघताना एर्मेकने आहेर म्हणून मला त्यांच्या हवाली केले. ह्या वेळी कोणी नाही म्हटले नाही.

पुढच्याच आठवड्यात तोक्तारांनी तेच पाहुणे पुन्हा जेवायला बोलावले. एर्मेक, कुल्पाश आणि मरझानही आली. तोक्तारांची कंबर अजून धरलेली होती, म्हणून मला पंगतीच्या मानाच्या जागी मांडले आणि ते माझ्यावर बसले. मांस आले, गप्पा रंगल्या. मग त्यांनी हात वर केला.

"मागं ह्याच घरात मी एक गोष्ट बोललो आणि तुम्ही हसलात," ते म्हणाले. "ते हसण्यासारखं नव्हतं. मला अंथरुणातून उठवलं ते मरझानच्या ह्याच हातांनी. माझ्या सुनेची मी तुम्हा सगळ्यांदेखत क्षमा मागतो."

दाउलेतने ह्या वेळी मान वर केली होती. तो उठला, किटली घेतली आणि सगळ्यांदेखत पहिला प्याला त्याने बायकोला ओतून दिला.

"पुढच्या वेळी मी आधी बोलेन," तो म्हणाला.

"बोललास तर बरं," मरझान म्हणाली, "नाहीतर मलमाचा डबा आहेच." आणि मग जो हशा पिकला, त्यात सगळ्यात मोठा आवाज कुल्पाशचा होता.

त्यानंतर कितीतरी शरद ऋतू मी बेटावर काढले. दोन्ही व्याही आळीपाळीने माझ्यावर झोपत आणि पाळी कोणाची ह्यावरून भांडत. शिकारी माझे कौतुक करत. पुढे दोघेही थकले. एका मोसमाच्या शेवटी कोणीतरी घाईघाईत मला ओलेच गुंडाळले आणि गिरणीच्या मागच्या खोलीत टाकले. मित्रांनो, ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत. माझ्या कापडावर बुरशी चढली, उंदरांनी एक कोपरा कुरतडला, नळ्यांना गंज धरला. माझ्यात काही दोष नव्हता. मला फक्त एक दुपारचे ऊन हवे होते, आणि तेवढेही कोणी दिले नाही.

गेल्या वसंतात मरझानने मला शोधून काढले. तिने गंज घासला, नळ्यांना तेल दिले, कुरतडलेल्या कोपऱ्यावर नवे कापड शिवले. आता मी तिच्या तबेल्यात असते. घोड्या व्यायला झाल्या की ती रात्ररात्र तिथेच थांबते.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगते. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. ती भिजली तर आधी वाळवा, मगच घडी घाला. फाटली तर टाकून देऊ नका, टाका घाला. आम्ही फार मागत नाही, आणि पुष्कळ देतो.

आता मला थांबायला हवे. तांबड्या घोडीला शिंगरू झाले आहे, मरझान हात पुसत येते आहे, आणि सकाळपासून उभे राहून तिची पाठ भरून आली आहे. पुढचे काम माझे आहे.