कुरुळीच्या अंगणवाडीची तात्पुरती शेड

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची शेड आहे. खरे तर जुने होण्यासाठी मी जन्मालाच आले नव्हते. काही महिने उभे राहायचे आणि मग निघून जायचे, एवढेच माझे काम ठरले होते. पण ज्या मुलांनी माझ्या सावलीत पहिल्यांदा पाटी धरली, ती सायकलवरून हायस्कुलात जाऊ लागली तरी मी तिथेच उभी होते.

माझा जन्म कुरुळीच्या रस्त्याला, कादरभाईंच्या वर्कशॉपमध्ये झाला. ते दारे, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रकचे फाळके असे सगळे करून देत. गावाबाहेरच्या एका वस्तीवर अंगणवाडीची खोली होती. तिच्या स्लॅबचा मोठा तुकडा एका रविवारी खाली आला. सुट्टी होती म्हणून कोणाला लागले नाही. खोली पाडली, आणि नवी बांधून होईपर्यंत मुलांना डोक्यावर काहीतरी हवे म्हणून मला बनवले. माझे अँगल नवे होते, पत्रे मात्र एका मोडलेल्या गोदामाचे. म्हणून माझी एक बाजू निळी आणि दुसरी करडी. पाडलेल्या खोलीची फरशी शाबूत होती, तेव्हा तिच्यावरच मला उभे केले. त्या वेळी ते सगळ्यांना सोयीचे वाटले.

मला पहिल्यापासून स्वस्थ बसता येत नाही. हायवेवरून कंटेनर गेला की माझे पत्रे थरथरायचे. दुपारी तापले की कडकड वाजायचे, संध्याकाळी निवताना पुन्हा वाजायचे. अंगणवाडीच्या मदतनीस छबूबाई जुन्या कुरुळीच्या. त्या खिचडी ढवळता ढवळता माझ्याकडे बघून म्हणत, “ही शेड म्हंजी सासूच हाय. घटकाभर गप बसत न्हाई.” मुलांना यातले काय कळायचे कोण जाणे, पण ती खूप हसत.

शिकवायला विजयश्रीबाई होत्या. त्या उदगीरकडच्या. नवरा कंपनीत शिफ्टला, म्हणून त्या इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्याकडे येणारी मुलेही अशीच, कोणी परभणीची, कोणी चिपळूणची, कोणी चाकणमधल्या गॅरेजवाल्यांची. माझ्या पत्र्यांच्या आवाजावर मात करायची म्हणून बाईंना मोठ्याने बोलायची सवय लागली. पावसाळ्यात तेही भागत नसे. मग त्या हातवारे करून गाणे म्हणत आणि मुले त्यांच्या ओठांकडे बघत राहत. उन्हाळ्यात छबूबाई ओली गोणपाटे माझ्यावर टाकत. ती तासाभरात वाळत. मला वाटे, आपण या लेकरांना भाजतो आहोत. पण मी तरी काय करणार?

एकदा एक मोठे साहेब आले. त्यांनी माझ्याखाली उभे राहून फोटो काढून घेतला आणि बाईंना म्हणाले, “छान व्यवस्था केली आहे तुम्ही.” आसपासच्या दोन गावांतली माणसेही मला बघून गेली. मित्रांनो, मला तेव्हा अभिमान वाटला होता. पुढे पुढे त्या कौतुकाची भीती वाटू लागली. कारण त्यानंतर कोणी घाई करेना. “यंदा होईल” हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की ते ऐकले तरी माझे पत्रे कुरकुरू लागत. टेप घेऊन इंजिनिअर येत, माझ्याभोवती चुन्याची फक्की टाकून चौकोन आखत आणि जात. चौकोन पावसात वाहून जाई. पुढच्या वर्षी दुसरे इंजिनिअर येत.

मग दीक्षामॅडम आल्या. बांधकामाच्या ऑफिसात त्या नव्याने बदलून आल्या होत्या. त्यांनीही मोजमाप घेतले, पण जायची घाई केली नाही. मुलांच्या छोट्या खुर्चीवर कशाबशा बसल्या आणि पाणी मागितले. विजयश्रीबाईंनी पाणी दिले आणि इतकी वर्षे मनात असलेले विचारून टाकले. पैसे आलेत म्हणतात, मग अडले आहे कुठे?

दीक्षामॅडमनी सगळे समजावून सांगितले. अंगणवाड्या बघणाऱ्या ऑफिसला खोली हवी असते, पण त्यांच्याकडे बांधून घेणारी माणसे नसतात. बांधकामाच्या ऑफिसकडे इंजिनिअर असतात, पण या खोलीसाठी पैसे नसतात. म्हणून पहिले ऑफिस दुसऱ्याला विनंती करते. दुसरे जागा बघून अंदाजपत्रक काढून देते. पहिल्याने तेवढे पैसे त्यांच्याकडे आधी जमा करायचे, मगच काम हातात घेतले जाते. शेजारणीकडून लाडू करून घ्यायचे तर रवा-तूप आधी तिच्या घरी पोचवावे लागते, तसेच हे. पहिल्या वेळी पैसे यायला इतका उशीर झाला की तोवर सिमेंट आणि लोखंड महागले आणि अंदाजपत्रक पुन्हा करावे लागले. दुसऱ्या वेळी खोलीचा नकाशाच बदलला. आता मात्र पैसे पुरेसे जमा झाले होते.

“मग आता काय राहिलं?” बाईंनी विचारले.

दीक्षामॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. “ही शेड.”

मला काही समजेना.

नवी खोली जुन्या खोलीच्याच जागी मंजूर झाली होती, म्हणजे मी उभी होते तिथेच. अंगणवाडीचे ऑफिस म्हणत होते, तुम्ही काम सुरू करा, मग आम्ही शेड काढतो. बांधकामाचे ऑफिस म्हणत होते, तुम्ही मोकळी जागा ताब्यात द्या, मग आम्ही टेंडर काढतो. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर होते. दोघांमध्ये मी उभी होते.

“मला मोकळी जागा दाखवा,” दीक्षामॅडम म्हणाल्या, “मी त्याच दिवशी ताबा घेते. पण मार्च संपायच्या आत काम सुरू झालं नाही, तर जमा झालेले पैसे परत जातील. मग पहिल्यापासून सगळं.”

त्या गेल्या. त्या दिवशी मुलांना मी कसे सांभाळले ते माझे मला ठाऊक. इतकी वर्षे मी समजत होते की मी या लेकरांना आडोसा देते आहे. तो मी देतच होते. पण त्यांच्या पक्क्या भिंतींची वाटही मीच अडवून बसले होते, आणि बाजूला व्हायला मला पाय नव्हते.

विजयश्रीबाई दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सुपरवायझर मॅडमना जाऊन भेटल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. मॅडमनी सांगितले होते की मुलांसाठी दुसरी जागा दाखवल्याशिवाय शेड काढायचा आदेश निघणार नाही. आदेशाशिवाय काढली आणि पुढे काही बिघडले, तर जबाबदारी बाईंची. वस्तीवरची अंगणवाडी बंद होऊन हायवेपलीकडच्या अंगणवाडीत मिसळली जाऊ शकते. हायवेपलीकडे! तीन-चार वर्षांच्या मुलांनी त्या ट्रकांच्या रांगेतून रोज जायचे?

बाईंनी जागा शोधायला सुरुवात केली. शाळेत खोली रिकामी नव्हती. देवळाचा सभामंडप लग्नांना दिलेला असे. भाड्याच्या खोल्या कंपनीतल्या मुलांनी भरलेल्या. दिवस जात होते. शेवटी एका दुपारी छबूबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, “आमची कांद्याची चाळ मोकळीच हाय की. पोरं तिथं बसतील.”

बाईंनी विचारले, उन्हाळी कांदा निघाल्यावर तो कुठे साठवणार?

“यंदा न्हाई साठवायचा. निघंल तसा चाकणच्या मार्केटला घालू. पोराला मी सांगते. आमी बघून घिऊ.”

मित्रांनो, कांदा साठवून भाव चढायची वाट बघणे हा त्या घरातला दरवर्षीचा रिवाज. तो सोडून द्यायचे त्यांनी असे भांडी विसळता विसळता ठरवले.

पण एवढ्याने भागणार नव्हते. चाळ तपासून आदेश निघेपर्यंत मार्च उलटून गेला असता. बाईंनी पालकांना बोलावले. दीक्षामॅडमनाही बोलावले. सगळे माझ्याखाली दाटीवाटीने बसले. कादरभाईही आले होते. बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या सलिमा पुढेच होत्या. त्यांची फरहीन त्याच वर्षी अंगणवाडीत आली होती. सगळ्यांचे ऐकून घेऊन त्यांनी दीक्षामॅडमना विचारले, “शेड काढली आणि खोली झालीच नाही, तर? आज निदान डोक्यावर पत्रा तरी आहे.”

दीक्षामॅडम म्हणाल्या, “मी खोटं आश्वासन देणार नाही. उद्या माझी बदली होऊ शकते. पण जागा एकदा ताब्यात घेतली, की माझ्यानंतर येणाऱ्यालाही काम टाळता येणार नाही.”

हायवेवरून एक लांबलचक ट्रेलर गेला आणि मी नेहमीसारखी थडथडले. सगळ्यांनी वर पाहिले.

“काढू या,” विजयश्रीबाई म्हणाल्या. “जबाबदारी माझी. विचारलं तर माझं नाव सांगा.”

सलिमांना ते पटले नव्हते. त्या उठून गेल्या.

शनिवारी मुले घरी गेल्यावर कादरभाई ग्राइंडर घेऊन आले. माझे बोल्ट इतके गंजले होते की पान्याला दाद देईनात. एक एक कापून काढावा लागला. ठिणग्या उडत होत्या. मला दुखले का? नाही. भीती मात्र वाटली. सुटायची घाई मला कित्येक वर्षे होती, आणि आता सुटत होते तर माझ्या जागी उभे राहायला काहीच नव्हते. पहिला पत्रा निघाला आणि फरशीवर ऊन पडले. कादरभाईंनी मला कुंपणाच्या कडेला रचून ठेवले. संध्याकाळच्या आत दीक्षामॅडम आल्या, जागा पाहिली आणि ताबा घेतला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. जागा मोकळी, आणि कोणीच येईना. एक ट्रकवाला तिथे गाडी लावू लागला. कोणी कचरा टाकला. विजयश्रीबाईंना ऑफिसचे पत्र आले, विनापरवानगी शेड का काढली याचा खुलासा करा म्हणून. त्या रोज चाळीतली मुले घरी गेली की इकडे येत, मोकळ्या जागेकडे बघत आणि परत जात. एकदा सलिमा समोरून आल्या आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून गेल्या. मी पत्र्यांचा ढीग, मला आता वाजताही येत नव्हते. मनात येई, हे चुकले तर? या बाईची नोकरी माझ्यापायी जाणार का?

सुपरवायझर मॅडम चाळ तपासायला गेल्या. ही हकिकत मला छबूबाईंच्या बोलण्यातून कळली. मॅडम रागावूनच आल्या होत्या. पण चाळीच्या बांबूंमधून वारा येत होता, मुले शांत बसून जेवत होती आणि मॅडमना कपाळावरचा घाम पुसावा लागला नाही. त्या बराच वेळ बसल्या. जाताना म्हणाल्या, “पर्यायी जागा योग्य आहे, असं मी कळवते.” त्या खुलाशाचे पुढे कोणी नाव काढले नाही.

मार्च संपता संपता जेसीबी आला. सकाळी त्याचा आवाज ऐकून विजयश्रीबाई चाळीतून मुलांना घेऊनच आल्या. मुले कुंपणाला चिकटून उभी राहिली. पहिला खड्डा पडला तेव्हा बाई पदराने तोंड झाकून रडत होत्या आणि फरहीन त्यांचा हात ओढून विचारत होती की विहीर खणतात का.

ठेकेदाराने माझे पत्रे सिमेंट झाकायला घेतले. म्हणून भिंती उठताना मी तिथेच होते. स्लॅब पडायच्या आधीच दीक्षामॅडमची बदली झाली. नवे इंजिनिअर आले, पण त्यांनी पुन्हा मापे घेतली नाहीत. काम जिथे होते तिथून पुढे चालू झाले.

खोली उघडली तो दिवस साधाच होता. मुलांनी चपला बाहेर काढल्या आणि गार फरशीवर पाय ठेवून ती जागेवरच नाचू लागली. विजयश्रीबाईंनी नेहमीसारखे मोठ्याने गाणे सुरू केले. त्यांचा आवाज भिंतींवर आपटून इतका मोठा झाला की त्या दचकून थांबल्या. मग हळू आवाजात त्यांनी पुन्हा सुरू केले. बाहेरून कंटेनर गेला. आत कोणाला कळलेसुद्धा नाही. दारात सलिमा उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि बाईंच्या शेजारी खाली बसल्या.

माझे काय झाले म्हणता? राजगुरुनगरच्या बाजूचे दौलतराव नावाचे एक सरपंच मला मागायला आले. त्यांच्या गावातली अंगणवाडीची खोलीही पाडली होती. कादरभाईंनी माझे अँगल सरळ केले आणि मला टेम्पोत चढवले. विजयश्रीबाई मला बघायला आल्या होत्या. त्यांनी दौलतरावांना एकच गोष्ट विचारली, “नवी खोली कुठं होणार?”

“आहे तिथंच.”

“मग शेड तिथं लावू नका, भाऊ. शेजारी लावा.”

दौलतरावांनी ऐकले. आता मी त्या गावात मैदानाच्या कडेला उभी आहे. माझ्या शेजारी एक मोकळी जागा आहे आणि तिथे कोणी गाडी लावली की गावातल्या बायका ती काढायला लावतात. मी पूर्वीसारखीच वाजते, तापते, मला चैन पडत नाही. पण माझी बेचैनी मला आता वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी शेड असेल. तिला जपा, तिच्या पत्र्यांवर दगड मारू नका, कारण तिच्याखाली कोणाची तरी लहान भावंडे बसलेली असतात. पण तिची सवय लावून घेऊ नका. तुमची खोली कोणी मागितली आहे, पैसे कोणी जमा करायचे आहेत, बांधणार कोण आहे, हे मोठ्यांना विचारत राहा. आणि ज्या दिवशी तिला उतरवायला माणसे येतील, त्या दिवशी हळहळत उभे राहू नका. पत्रे धरायला या.