लाल पाण्याची साक्ष

"झालं, झालं! लाल झालं!" इस्त्रीवाला ओरडला, आणि लाँड्रीतली सगळी माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

काचेच्या वाडग्यातलं निवळशंख पाणी ताईचा हात बुडताच लालगुलाबी झालं होतं. ताईनं हात बाहेर काढला, पण तो कुठं ठेवावा हेच तिला कळेना. बोटांवरून थेंब गळत होते आणि लोक मागे सरकत होते, जणू थेंब अंगावर उडाला तर आपणही चोर ठरू.

"पाणी बोललं!" पाणीबाबांनी डोळे मिटले. "माणूस खोटं बोलतो, साक्षीदार खोटं बोलतो, पाणी कधी खोटं बोलत नाही! चोराचा हात लागला की पाणी लाल. आधीच सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं!" लोक म्हणाले.

निरोप मिळताच ताईची धाकटी बहीण शाळेतून धावत आली ती नेमकी या वेळी. ती विज्ञान शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. एका गिऱ्हाईकाच्या कोटाच्या खिशात राहिलेली सोन्याची साखळी सापडत नव्हती. मालकांनी ती शोधायची सोडून बाबांना बोलावलं होतं. बाबांनी म्हणे आधी "जागेची स्पंदनं घ्यायला" सगळीकडे फेरी मारली, टबात हात घालून कपडे घोळणाऱ्या ताईजवळ जरा जास्तच रेंगाळले, आणि मग वाडगं मांडलं.

"ताईनं काही घेतलेलं नाही," बाई म्हणाली.

"मग पाणी लाल कशानं झालं?" मालकांनी विचारलं.

"क्षणभर धरून चालू की चोराच्या हातानं पाणी लाल होतं. म्हणून लाल झालं की चोरच, असं कुठं ठरतं? पाऊस पडला की रस्ता ओला होतो. उद्या रस्ता ओला दिसला तर पाऊसच पडला म्हणाल? पाण्याचा टँकर फुटला असेल. कुणी अंगण धुतलं असेल."

"बरोबर आहे," इस्त्रीवाल्यानं मान डोलावली. बाईला हायसं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "पण बाई, पाणी लाल झालंच ना!"

बाईला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. वर्गात एखादं पोर असं बोललं तर ती पुन्हा समजावून सांगायची. इथं तर केस पिकलेली माणसं होती.

तिनं वाकून वाडग्याचा वास घेतला. स्पिरिट. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एका औषधाच्या बाटलीला हाच वास येतो! तिनं बाबांच्या पिशवीतली बाटली उचलली, वाडगं धुऊन त्यात नवं पाणी आणि बाटलीतले चार थेंब ओतले.

"हात लावू नका! कोप होईल!" बाबा उठले.

"होऊ द्या. मालक, त्या टबातला एक टॉवेल पिळा. आता हात इथं बुडवा."

मालकांनी हात बुडवला. पाणी लालभडक!

मागून आवाज आला, "म्हणजे साखळी मालकांनीच..."

"अहो, नाही!" बाई किंचाळलीच. "कुणीच नाही! टबात धुण्याचा सोडा आहे. या पाण्यात एक औषध विरघळवलंय, त्याला सोडा लागला की रंग येतो. चोराचा असो, साधूचा असो, हाताला सोडा असला की झालं. आठवीची मुलं हा प्रयोग करतात!"

कपड्यांतला सोडा मारायला ठेवलेलं व्हिनेगर तिनं ताईच्या हातांवर ओतलं, नळाखाली हात खळखळून धुतले आणि पुन्हा तेच औषध घातलेल्या नव्या पाण्यात बुडवले. पाणी जसंच्या तसं.

"सुटली!" इस्त्रीवाला आनंदानं म्हणाला. "पाणी लाल नाही, म्हणजे ताई चोर नाही!"

बाईला हसावं की रडावं कळेना. "दादा, तेही नाही हो. या पाण्याला चोरीतलं काहीच कळत नाही. ते ना कुणाला पकडतं, ना सोडतं."

एवढ्यात बाबा पिशवी काखोटीला मारून दाराकडे सरकले. "जिथं श्रद्धा नाही तिथं पाणी रुसतं," ते पुटपुटले. कुणी त्यांना अडवलं नाही. बाईला त्याचाही राग आला.

मालक खाली बघत म्हणाले, "जाऊ दे ताई, कामाला लाग. झालं गेलं विसर."

आता ताई पहिल्यांदाच बोलली. "नाही विसरणार. चोर म्हणालात ते सगळ्यांदेखत. आता चुकलो म्हणा, तेही सगळ्यांदेखत."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला. "चुकलो," ते म्हणाले, आणि मग जरा मोठ्यानं, "ताई, माझं चुकलं."

"पण मग साखळी आहे कुठं?" इस्त्रीवाल्यानं बाईला विचारलं. तिनं आता दुसरं वाडगं काढावं अशा आशेनं सगळे तिच्याकडे बघत होते.

"मला माहीत नाही," बाई म्हणाली. "तुम्हालाही माहीत नाही. माहीत नाही, असं म्हणायची लाज वाटली म्हणून तुम्ही ताईला चोर ठरवलंत. लाज कसली त्यात? माहीत नसेल तर शोधा. धुण्याच्या यंत्रांच्या जाळ्या उघडा, कोटाचं अस्तर चाचपा, गिऱ्हाईकाला घरी बघायला सांगा. आणि कुणी म्हणालं 'असं झालं, म्हणजे तसंच असणार', तर एवढंच विचारा: दुसऱ्या कशानं झालं नसेल कशावरून?"

ताईनं बाह्या सावरल्या, पहिल्या यंत्रापाशी खाली बसली आणि जाळीचा स्क्रू फिरवायला लागली.