मागेल ते दान

फासा पटावरून उडाला, कॉफीच्या पेल्यावर आपटला आणि टेबलाखाली गेला. त्या दुपारी तिसऱ्यांदा.

"अनेस्तिस, फासे हुंगून काढायला मी आता कुत्रा पाळतो," लाझारोस कण्हत खाली वाकला. "जिवंत असेपर्यंत हा डाव संपवायचाय ना आपल्याला?"

"वाक, वाक. पोटाला तेवढाच व्यायाम."

बोलताना अनेस्तिसने उजवा हात डाव्याखाली दाबून धरला होता. दोन हिवाळ्यांपासून तो थरथरत होता. आधी सही गेली, मग स्वतःची दाढी करणं गेलं. आता दान टाकणंही जायला लागलं होतं.

कॉफीघर चालवणारी मेलपो फडकं खांद्यावर टाकून आली. वडील गेले तेव्हा संख्याशास्त्राचं शिक्षण तिसऱ्या वर्षी सोडून ती इथे उभी राहिली होती. तिने आपला फोन पटाच्या मधोमध ठेवला. काचेवर दोन पांढरे फासे होते. बोट टेकवलं की ते गडगडत आणि थांबत.

"घ्या. हे पडायचे नाहीत, हरवायचे नाहीत."

"आणि ऐकायचेही नाहीत कुणाचं," लाझारोस म्हणाला. "आता कळेल याच्या तीस वर्षांच्या दानांचं गुपित! हात नाही तो, लोहचुंबक आहे."

शेजारच्या टेबलांवरून हसू आलं. विनोद जुना होता, पण ग्रीसमधल्या कावाला बंदराच्या त्या धक्क्यावर जुन्या विनोदांना मान असे.

अनेस्तिसने मासळीच्या लिलावात चौतीस वर्षं वजनाचा काटा धरला होता. कोळी आणि व्यापारी एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार करत, पण काट्याला अनेस्तिसचं बोट लागलं असं कधी कुणी म्हटलं नाही. पटावर मात्र तो तीन डावांत दोनदा लाझारोसला हरवी. अडलेल्या वेळी त्याला मागेल ते दान पडे. त्यावर लाझारोस लोहचुंबकाचा विनोद काढी आणि अनेस्तिस हसे.

हसण्याखाली एक गोष्ट होती. तो सतरा वर्षांचा असताना जहाजावर आचारी असलेल्या मामाने त्याला फासे शिकवले होते. ते मुठीत कसे बसवायचे, मनगट किती वळवायचं, म्हणजे कोलांट्या न खाता ते नुसते घसरत जातात आणि हवा तो अंक वर राहतो. दोन महिन्यांत त्याला ते जमू लागलं. पुढे काट्यावर नोकरी लागली आणि त्याने ते सोडलं. शपथ वगैरे घेतली नाही, नुसतं सोडलं. बोटांनीही सोडलं का, हे त्याने बोटांना कधी विचारलं नव्हतं.

थंडी सरली, ईस्टर झालं. रोज दुपारी फोनवरच्या फाशांनी दोन डाव, कधी तीन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाझारोस जिंकणाऱ्याच्या नावाखाली रेघा ओढी. सुरुवातीला अनेस्तिस हरला की तो टाळी वाजवी. पुढे पुढे नुसतीच रेघ ओढू लागला.

मे महिन्यातल्या एका सकाळी, कॉफीघर रिकामं असताना, अनेस्तिसने कॅलेंडर खिळ्यावरून काढून मेलपोपुढे ठेवलं.

"तू शिकलेली आहेस. यातून काय निघतं ते सांग."

"खेळ आहे काका. काय निघायचंय?"

"सांग म्हणतो ना."

तिने रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "शहाण्णव डाव. तुम्ही सत्तेचाळीस जिंकलात. तिनांत दोन या हिशेबाने चौसष्ट व्हायला हवे होते. थोडं इकडेतिकडे व्हायचंच. पण एवढी घसरण नुसत्या नशिबाने म्हणाल, तर हजारात एकदाही होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वीचं काहीतरी आता नाही." तिने कॅलेंडर बाजूला सारलं. "तुम्हाला डोक्याची भीती वाटतेय ना? डॉक्टरांनी घातली असेल. ऐका, तुम्हाला न सांगता मी तुमचे वीस डाव उतरवून घेतले आणि कॉम्प्युटरकडून तपासले. तुमच्या चालींत काही खोट नाही. लाझारोसकाका खेळतात तितकंच चोख खेळता तुम्ही. डोकं एकदम शाबूत आहे!"

तिने हे मोठ्या आनंदाने सांगितलं. अनेस्तिसने मान हलवली. डोकं शाबूत होतं. मग गेलं होतं ते एकच. ते टेबलावर, त्याच्यासमोर, थरथरत पडलं होतं.

मेलपोने त्या हाताकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. "तसं माझा अंदाज चुकूही शकतो," ती म्हणाली. "वीसच डाव तपासलेत मी."

"नाही. तू नीट मोजलंस."

दुपारी लाझारोस आला, टोपी खुर्चीला अडकवली आणि सोंगट्या मांडू लागला.

"तू म्हणायचास ते खरं होतं," अनेस्तिस म्हणाला.

"मी रोज शंभर गोष्टी म्हणतो. त्यातली कुठली?"

"हाताची. मामाने शिकवलं होतं, पोरवयात. मी मुद्दाम नाही केलं. पण हाताने केलं."

लाझारोसच्या बोटांत सोंगटी तशीच राहिली. "वेड लागलंय का तुला? गंमत करायचो मी."

"तीस वर्षं?"

"हो, तीस वर्षं! तू हरवायचास, मग मी दुसरं काय म्हणू? माझ्यापेक्षा चांगला खेळतोस म्हणू?"

बाहेर कुणीतरी बर्फाच्या पेट्या उतरवत होतं.

"ज्या दिवशी मी ओळीने सात डाव हरलो," लाझारोस म्हणाला, "घरी जाऊन कातिनाशी भांडलो होतो. दोन दिवस बोलली नाही ती. तेही?"

"माहीत नाही रे. खरंच माहीत नाही."

"आता तिलाही सांगता यायचं नाही." त्याच्या बायकोला, कातिनाला, जाऊन चार वर्षं झाली होती. लाझारोसने उरलेल्या सोंगट्या मांडल्या, नेहमीपेक्षा सावकाश, प्रत्येक नीट सरळ करून. "लोकांना काही सांगू नकोस. काट्याचं नाव खराब होईल."

"काटा वेगळा होता."

"मला माहीत आहे. त्यांना नाही कळायचं. चल, खेळ."

डाव रंगला. अर्ध्यावर अनेस्तिसच्या दोन सोंगट्या मागच्या कोपऱ्यात कोंडल्या गेल्या. बारा पडले तरच सुटका होती. लाझारोस मान वळवून मेलपोला पाणी आणायला सांगत होता. मेलपोची त्यांच्याकडे पाठ होती.

अनेस्तिसने काचेवर बोट टेकवलं. फासे गडगडले आणि थांबले. सहा आणि सहा. तो बोट मागे घेत होता, पण ते थरथरलं आणि पुन्हा काचेला लागलं. फासे पुन्हा गडगडले आणि या वेळी दोन आणि एकवर थांबले.

"काय पडलं?" लाझारोसने इकडे वळत विचारलं.

"दोन-एक," अनेस्तिस म्हणाला. त्याने डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि एक सोंगटी दोन घरं सरकवली. मग दुसरी, एक घर.