हस्तस्पर्शविरहित बहार

सुनांना सासूची भीती वाटते म्हणतात. मला माझ्या सासूचं नवल वाटायचं, आजही वाटतं. नाव तिचं पंचफुला. मी तिला आत्याबाई म्हणायची.

आम्ही मूळचे हिवरखेडचे. छप्पन साली दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि खुशालराव पाटलांनी विहिरीवर आत्याबाईची घागर फोडली. आम्ही गाव सोडून शेंदूरजनाघाटला आलो. तिथं सरकारनं संत्र्याच्या सरबताचा नवा कारखाना काढला होता. सरबताचं नाव ‘बहार’.

काय तो कारखाना! काचेच्या बाटल्या आपल्या आपण रांगेनं चालायच्या आणि एका दणक्यात झाकण बसायचं. पहिल्या दिवशी मी तोंडात बोट घालून उभीच राहिले. यंत्राला सगळं जमे, फक्त संत्रं सोलता येईना. त्यासाठी आम्ही चाळीस बाया. गरम पाण्यातलं संत्रं सोलायचं, पांढरे धागे ओढायचे, बिया काढायच्या. नखं पिवळी पडली, बोटं दिवसभर चरचरायची.

आणि बाटलीवर लेबल काय, तर ‘हस्तस्पर्शविरहित’! मी चौथी शिकलेली, त्यामुळे वाचता आलं, पण अर्थ माझ्या नवऱ्यानं, धर्मपालनं सांगितला. म्हणजे म्हणे याला कोणाचा हातच लागलेला नाही. मी आत्याबाईला सांगितलं. तिनं आपले पिवळे हात पाहिले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

त्या एका शब्दावर बहार वऱ्हाडभर गेला. बाहेरचा चहाही न घेणारी सोवळी माणसं बाटली तोंडाला लावू लागली. लग्नाचे मांडव, अमरावतीची सिनेमाघरं, अकोल्याचं स्टेशन, पाहावं तिथं बहार. हिवरखेडची एजन्सी घेतली खुशालराव पाटलांनी. स्वतःही रोज एक बाटली पीत, असं कानावर आलं.

तेव्हापासून आत्याबाईचा एकच धोशा. “त्याले एकडाव सांगाचं हाय मले, कोनाच्या हातचं पेऊन राहिला ते.”

“तुमी सांगान तं कारखाना बसन, आत्याबाई,” मी हात जोडायची. धर्मपाल अमरावतीला कॉलेजात होता, आणि घर आम्हा दोघींच्या पगारावर चालायचं.

बासष्ट साली अकोल्याला प्रदर्शन भरलं. कारखान्यावर पुण्याहून नवे साहेब आले होते. भला माणूस, पण त्यानं आपलं लेबलही वाचलं नसावं आणि वऱ्हाडही. माल किती ताजा ते लोकांना दिसू दे, म्हणून त्यानं आम्हा दोघींना स्टेजवर संत्री सोलायला बसवलं. समोर पहिल्या रांगेत सगळे एजंट, हातात बहारचे ग्लास. मधोमध खुशालराव. मी पदर नाकापर्यंत ओढला.

साहेबांनी माइक आत्याबाईपुढं धरला. “बाई, तुमचं नाव, गाव सांगा.”

मी तिच्या लुगड्याला हिसका दिला. तिनं माझा हात सोडवला आणि उभी राहिली.

“पंचफुला डोमाजी. हिवरखेडची. पाटलानं इहिरीवर घागर फोडली थे माहीच. पाच वर्सं झाले, बहारचे संत्रे आमच्याच हातानं सोलले.”

लाउडस्पीकरमधून ते सगळ्या मैदानभर गेलं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा म्हणाल तर तो होताच, पण नुसत्या भीतीचा नव्हता. खुशालरावांनी ग्लास खाली ठेवला. मग शेजारच्यानं ठेवला, मग त्याच्या शेजारच्यानं.

आठवड्यात हिवरखेडच्या पेट्या परत आल्या, मागून बार्शीटाकळीच्या. सरकारनं लेबल बदललं, भाव उतरवला, काही उपयोग झाला नाही. दोन वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं. धर्मपालचं कॉलेज सुटलं.

शेवटच्या दिवशी उरलेल्या बाटल्या आम्हालाच वाटल्या. मी रागानं धुमसत होते. “चालता कारखाना कावून बुडवला तुमी? पाटलानं तं ग्लास खालीच ठेवला ना?”

आत्याबाईनं बाटली उघडली, निम्मी प्याली, उरलेली माझ्या हातात दिली.

“त्या दिवशीचा ठेवला व पोरी. पाच वर्सं जे पेला, थे कुठं काढून ठेवन?”