बिनतोंडाची हाक

शिंपिणीला गल्लीत ‘मुकी’ म्हणत आणि तिला ते माहीत होते. मुकी ती अजिबात नव्हती. पण कामाला बसली की ओठांत टाचण्यांची रांग असे, आणि अशा वेळी बोलायला जावे तर एखादी गिळायची. म्हणून गिऱ्हाइकाला ती मानेने उत्तरे देई. मुलीला बोलवायचे झाले, तर सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेले पोलादी अंगुस्तान टेबलाच्या कडेवर वाजवी. टक, टक. ठकी असेल तिथून धावत येई.

कोट आखूड करायला आलेला बँकेतला कॅशियर एकदा म्हणाला होता, “आमची कार्टी घसा फोडून बोलावलं तरी हलत नाहीत. तुमची मात्र बिनतोंडाच्या हाकेला ओ देते.”

शिंपीण टाचण्यांमागून हसली. तिला या गोष्टीचा अभिमान होता.

घर भाड्याचे होते. खाली दोन खोल्या, मागे फरशीचे अंगण, वर एक खोली आणि मधे अरुंद लाकडी जिना. डाव्या अंगाला रस्ता होता, उजव्या अंगाला तारेचे कुंपण घातलेली मोकळी जागा. नवरा वारल्यावर शिंपीण ठकीला घेऊन इथे आली, कारण पुढच्या खोलीत दिवसभर उजेड असे. घरमालकीण शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी एकच अट घातली: वरची खोली बंद राहील, आत जुने सामान आहे. बाईंच्या वागण्यातल्या दोन गोष्टी शिंपिणीला खटकल्या होत्या. बाई कधी उंबरठ्याच्या आत येत नसत. आणि दार वाजवत नसत. पाऊस असो, ऊन असो, फाटकाशी उभ्या राहून हाक मारत.

पहिल्यांदा काय झाले, ते शिंपिणीला नंतर नीट आठवत होते. दुपार होती. पुढच्या खोलीत एक गिऱ्हाईक बाई स्टुलावर उभी होती आणि शिंपीण तिच्या झग्याची खालची दुमड टाचत होती. ठकी मागे अंगणात होती. गिऱ्हाईक गेल्यावर ठकी रिकामा पेला घेऊन जिन्यावरून उतरली.

शिंपिणीने विचारले, वर कशाला गेली होतीस? ठकी गोंधळली. “तूच बोलावलंस ना? आणि पाणी मागितलंस.”

“मी बोलले?”

“बोलली नाहीस. तू कुठे बोलतेस कामात? टकटक केलंस आणि पेल्याकडे हात केलास. तोंडाला फडकं बांधलं होतंस.”

शिंपीण वर गेली. दाराची कडी निघालेली होती. आत लोखंडी पलंग, गुंडाळलेली गादी, आरसा काढून नेलेले कपाट. खिडकी आतून बंद. धुळीत ठकीच्या पावलांखेरीज दुसरी पावले नव्हती. पलंगाच्या उशाशी जमिनीच्या एका फळीवर बारीक गोल खड्डे होते, एकाला एक लागून, चाळणीसारखे. वाळवी असावी, असे शिंपिणीने स्वतःला सांगितले. वाळवी इतकी गोल कोरत नाही, हे तिला कळत होते. तिने कडीला कुलूप घातले आणि ठकीला बजावले, पुन्हा वर जायचे नाही.

ठकी आज्ञाधारक पोर होती. अडचण तीच होती. टक, टक झाले की जायचे, हे तिच्या अंगात इतके मुरले होते की कोण बोलावते आहे हे विचारायचे तिला कधी शिकवलेच नव्हते. शिंपिणीने कुलूप घातले. दुसऱ्या दिवशी ते कडीत उघडे लटकत होते आणि ठकी वर बसली होती.

त्या आठवड्यात ठकीचा आवाज बसला. शाळेत धडा वाचताना मध्येच थांबली, असा शाळेतून निरोप आला. शिंपिणीने मिठाच्या गुळण्या दिल्या. आवाज आणखी खरखरीत झाला, मग नुसता वारा उरला. डॉक्टरांनी टॉर्च घेऊन घसा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले की आत काहीही नाही, लाली नाही, सूज नाही. “घाबरली आहे का कशाला?” त्यांनी विचारले. शिंपीण काय सांगणार? आपल्या पोटच्या पोरीला दुसरी कोणी आई हाका मारते, हे डॉक्टरला सांगायचे कोणत्या तोंडाने.

तिने अंगुस्तान काढून खणात टाकले. टाचण्या तोंडात धरणे सोडले, त्या मनगटावरच्या गादीत खोचू लागली. ठकीला मोठ्याने हाक मारू लागली. ठकी त्या हाकेकडे नवलाने बघे आणि सावकाश येई, जसे आपण परक्याच्या बोलावण्याला जातो. वरून टक, टक झाले, की मात्र धावे. आता तो आवाज शिंपिणीलाही ऐकू येऊ लागला होता.

शेवटी ती ठकीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, थोरल्या बहिणीकडे गेली. ताई फटकळ होती. आधीच यायला हवे होतेस, एवढे बोलून तिने अंथरूण घातले. घर बदलले की पोर बोलू लागेल, असे दोघींना वाटले. पोर बोलली नाही. काही दिवसांनी ताई गच्चीवर कपडे वाळत घालत असताना ठकी दारातून निघून गेली. दोघी बहिणी भर दुपारी गल्लोगल्ली धावत होत्या. ताई दवाखाने बघू म्हणत होती. शिंपिणीला कुठे बघायचे ते ठाऊक होते. ठकी एवढे रस्ते एकटी ओलांडून आली होती आणि मागच्या दाराची ढिली कडी काढून वर गेली होती. पलंगाशी भरलेला पेला धरून ती उभी होती. तिचे ओठ निळसर पडले होते आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

शिंपिणीने तिला उचलले, ताईच्या हवाली केले आणि म्हणाली, “हिला सोडू नकोस. तुझ्या पदराला गाठ मारून ठेव.”

मग ती बाईंच्या घरी गेली.

बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. शिंपिणीने आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. टकटक म्हटल्यावर बाईंच्या हातातली झारी खाली आली आणि पाणी त्यांच्या चपलांवर सांडत राहिले.

बाईंनी जे सांगितले ते थोडक्यात असे. त्या ठकीएवढ्या असताना त्यांच्या आईला घटसर्प झाला. तो मुलांना लागतो म्हणून आईला वरच्या खोलीत ठेवले. आधी आईचा आवाज गेला. ती चमच्याने जमीन ठोकून लेकीला बोलवायची. घर सांभाळायला मावशी आली होती. ती मुलीला मांडीत घट्ट धरून बसायची. मावशीलाही वर जायची भीती वाटत होती, म्हणून पाणीसुद्धा वेळेवर वर जात नसे. आई त्या खोलीतच वारली.

“मी विचारायची, कोण ठोकतंय? मावशी सांगायची, शेजारी सुतारकाम चालू आहे.” बाई म्हणाल्या, “मी मोठी झाल्यावर, मावशी गेल्यावर, एकदा ती खोली उघडली. फळीवरचे खड्डे पाहिले. तुला दिसलेच असतील.”

शिंपिणीने मान हलवली.

“आई आजारी असताना एकदाच मी उत्तर दिलं होतं. पळी घेऊन खालून तीनदा ठोकलं. येते, असं. मावशीनं पळी काढून घेतली.”

“तर मग आता चला.”

बाई हसल्या, आणि ते हसणे बघवत नव्हते. “अगं, तिला लहान मुलगी हवी आहे. तिनं मला परकरात पाहिलंय. या पांढऱ्या केसांच्या म्हातारीला ती काय ओळखणार?”

“नाही ओळखलं, तर ती माझीला घेऊन जाईल, बाई.”

बाईंनी झारी उचलून कट्ट्यावर ठेवली. पाय पुसले. आणि चपला बदलून निघाल्या.

उन्हे अजून अंगणात होती. बाई उंबरठ्याशी अडखळल्या, पण थांबल्या नाहीत. जिना चढताना त्यांचे गुडघे वाजत होते. शिंपीण मागून भरलेला पेला घेऊन येत होती; तो आणायला बाईंनीच सांगितले होते. अर्ध्या जिन्यात वरून आवाज सुरू झाला. टक, टक. ज्या खोलीत कोणी नाही, तिथून तो अगदी नेमाने येत होता.

दार उघडले. पलंग रिकामा होता. उशाजवळच्या फळीवर मात्र प्रत्येक टकेसरशी खड्ड्यातली धूळ उडत होती आणि पुन्हा बसत होती.

“आई,” बाई म्हणाल्या. “मी आले.”

धूळ उडत राहिली. आवाज वाढला, घाई झाल्यासारखा. खाली कुठेतरी लाकूड करकरले आणि शिंपिणीला वाटले, ताईच्या हातून सुटून ठकी पुन्हा येते आहे. तिने बाईंच्या हाताला धरून त्यांना खाली बसवले. येताना तिने खणातून अंगुस्तान उचलले होते, का ते तिलाही ठाऊक नव्हते. ते तिने बाईंच्या बोटात सरकवले. म्हणाली, “तोंडानं नको. तेव्हा दिलंत तसं द्या.”

बाईंनी फळीवर तीनदा ठोकले.

आवाज थांबला. बराच वेळ काही झाले नाही. मग एकच टक झाली, अगदी हलकी, बाईंच्या गुडघ्यापाशी. बाईंनी पेला पुढे धरला. पेला जराही कलला नव्हता, तरी त्यातले पाणी उतरत गेले. शिंपीण भिंतीला टेकून ते बघत होती. बाईंच्या चेहऱ्यावर काय होते, हे तिला पुढे कधी कोणाला सांगता आले नाही. दुःख म्हणावे तर ते नव्हते.

“तू जा खाली,” बाई म्हणाल्या. “मी बसते हिच्यापाशी.”

बाई खाली आल्याच नाहीत. त्यांनी गादी उलगडून घेतली आणि तिथेच राहिल्या. शिंपिणीने थोडे समजावले. थोडेच समजावले, हे तिला माहीत होते, कारण त्याच संध्याकाळी ताईच्या घरी ठकीने खरखरत्या आवाजात भूक लागली म्हणून सांगितले होते. ताईने आनंदाने तिला इतके खायला घातले की तिला उलटी झाली.

ठकी ताईकडेच राहिली. शिंपीण दिवसा येऊन हातातले काम पुरे करी आणि बाईंचे जेवणखाण बघे. सुरुवातीला बाई वरून हाक मारत, “अगं, पाणी आण.” मग हाक घोगरी झाली. मग नुसता वारा. डॉक्टर आले, टॉर्च लावून त्यांनी घसा पाहिला आणि आत काहीही नाही म्हणाले. त्यानंतर बाई अंगुस्तानाने जमीन ठोकू लागल्या. दरवेळी शिंपीण स्वतः पाणी घेऊन वर गेली, एकदाही टाळाटाळ केली नाही. तिकडे ठकीचा आवाज रोज थोडा थोडा उजळत होता. हिशेब उघड होता. शिंपिणीने तो कधी मोठ्याने मांडला नाही आणि बाईंनीही नाही.

एका सकाळी पाणी वर गेले आणि तसेच खाली आले.

बाईंचा भाचा आला, सगळे उरकून गेला. अंगुस्तान बोटातून निघाले नाही, बोट सुजले होते. राहू दे, असे शिंपीणच म्हणाली.

घर सोडायच्या दिवशी ताईला कामावर जायचे होते, म्हणून ठकीला बरोबर आणावे लागले. टेम्पो फाटकाशी उभा होता. मशीन चढले, टेबल चढले, इस्त्री फडक्यात गुंडाळून झाली. ड्रायव्हर कुरकुरत होता की एका शिंपिणीकडे एवढी ओझी कशाला, सुईदोराच तर असतो. ठकी त्याला आपल्या शाळेबद्दल काहीबाही सांगत होती, न थांबता, आणि शिंपीण दोऱ्या आवळताना कान देऊन ते ऐकत होती.

तेव्हा वरून आवाज आला. टक, टक. चमच्याचा नव्हता. पोलाद लाकडावर वाजले की जो आवाज होतो, तो शिंपिणीने आयुष्यभर ऐकला होता.

ठकी बोलता बोलता गप्प झाली. तिने वर पाहिले. तिचा एक पाय फाटकाच्या आत पडला.

शिंपिणीने तिला कडेवर उचलले. ठकी आता कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती.

“आई, कोण बोलावतंय?”

तो प्रश्न ठकीने जन्मात पहिल्यांदा विचारला होता. शिंपिणीला खरे उत्तर माहीत होते. पेला कुठे ठेवला आहे तेही माहीत होते. अजून तो बांधला नव्हता.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “शेजारी सुतारकाम चालू आहे.”

तिने ठकीला टेम्पोत बसवले, शेजारी स्वतः बसली आणि दार ओढून घेतले. पेला ओट्यावर राहिला. गाडी वळणावर आली. मग ठकीने कुंपणातली मोकळी जागा मागे जाताना पाहिली, तिथले गवत पाहिले.

“आपल्या शेजारी कुणी राहत नाही, आई,” ती म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. खरखर कुठेच नव्हती. शिंपिणीने तो ऐकला आणि ती समोर रस्त्याकडे बघत राहिली.