अंगावरचे दोन शब्द

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे आणि माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत: 'शांतता राखा'. जन्मभर मी तेवढेच सांगत आले. पण पाटीलाही मन असते. आज ते मोकळे करायचे आहे, म्हणून जरा जवळ या.

मी मूळची एका दाराची फळी. वाचनालयाचे दार बदलताना मी सुताराकडे उरले. त्याने मला रंधा मारला, माझ्या कडा गोल केल्या आणि मला पेंटरच्या हवाली केले. पेंटर भाविक माणूस. ब्रश हातात घेण्याआधी तो क्षणभर डोळे मिटायचा. हिरव्या रंगावर त्याने पांढरी अक्षरे काढली आणि 'शां'वरचा अनुस्वार तर श्वास रोखून टेकवला. सुतार म्हणाला, "अरे, एका ठिपक्याला किती वेळ लावतोस?" तेव्हा तो हसून म्हणाला, "काम असं करावं, की देवापुढे ठेवता यावं."

पहिली काही वर्षे मी मोठ्या वाचनकक्षात होते. कोणी कुजबुजले, की वर्तमानपत्र वाचणारे एक आजोबा काही न बोलता काठीचे टोक माझ्याकडे करत आणि कुजबुज थांबे. मला त्याचा अभिमान वाटे. मग चकचकीत प्लास्टिकच्या पाट्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथे मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत माझ्या अंगावर कोळ्यांनी संसार थाटले.

मला तिथून बाहेर काढले ते बालविभागाच्या ताईंनी. ओल्या फडक्याने मला पुसत त्या म्हणाल्या, "अक्षर किती सुबक आहे. मुलांना वळण कळेल." मित्रांनो, त्यांना माझी शांतता नको होती, माझे अक्षर हवे होते. मुले सतरंजीवर बसून हवेत बोटाने 'श' गिरवत. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस तेच.

खोली लांबट होती. बुटकी कपाटे, मध्ये सतरंजी, मागे रुंद खिडकी. एका बाजूला पक्की भिंत नव्हती, नुसत्या प्लायवूडचा आडोसा होता आणि तोही छतापर्यंत पोचत नव्हता. आडोशापलीकडे अभ्यासिका होती. तिथे मोठी मुले-मुली परीक्षांचा अभ्यास करत.

बालविभाग चालवणे म्हणजे काय असते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एखादी आई, "ताई, पाच मिनिटांत आले हं," म्हणून लेकराला सोडून जाई आणि दाराला कुलूप लागायच्या वेळी पिशव्या सांभाळत उगवे. एक बाबा म्हणाले, "याचा मोबाइल सोडवा हो ताई," आणि त्यांचा स्वतःचा फोन काही कानावरून खाली येईना. कोणी पुस्तकातल्या हत्तीला मिशा काढून जाई. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची तर वेगळीच अडचण. त्यांना लहानांत बसायला लाज वाटे आणि मोठ्यांच्या कक्षात प्रवेश नसे, म्हणून ती दारातच घुटमळत. ताईंनी त्यांना खिडकीची रुंद कड दिली आणि म्हटले, "ही तुमची जागा. इथे तुम्हाला कोणी लहान म्हणणार नाही."

ताईंचा एक नेम होता. रोज संध्याकाळी एक गोष्ट मोठ्याने वाचल्याशिवाय त्या खोली बंद करत नसत. अंगात ताप असो, ऐकायला एकच मूल असो, नेम चुकत नसे.

गोष्टीला सर्वांत पुढे बसे ती एक मुलगी. तिचा आवाज एवढा मोठा, की सगळे तिला भोंगा म्हणत. तिची आजी तिला घेऊन येई आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून डुलक्या काढी. एकदा अंघोळीला कंटाळणाऱ्या गेंड्याची गोष्ट चालली होती.

"ताई, पण गेंडा साबण लावणार कसा? त्याला हात कुठेत?" भोंग्याने विचारले.

"मग तूच सांग."

"साबणावर लोळायचं."

सारी खोली हसून लोटपोट झाली आणि आजी दचकून जागी झाली. तेवढ्यात आडोशावर टकटक झाली. अभ्यासिकेतला एक उंच चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला. रागावलेला नव्हता, दमलेला होता.

"ताई, मुलांनी हसू नये असं नाही म्हणत मी. पण माझं वय संपत आलंय. यंदाची परीक्षा गेली, की पुन्हा बसता येणार नाही. एक ओळ दहादा वाचतोय, डोक्यात शिरत नाही."

"चुकतंय आमचं, भाऊ. सांभाळते मी," ताई हळू आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल साहेब आले. "ताई, आणखी एक तक्रार आली, तर ही खोली अभ्यासिकेला द्यावी लागेल. तिथे मुलं उभ्यानं वाचतायत."

"साहेब, हा आडोसा काढून पक्की भिंत छतापर्यंत नेली तर?"

"बघू की पुढच्या वर्षी."

"गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होता."

"मग? शब्दाचा पक्का आहे ना मी?" साहेब हसले. ताई हसल्या नाहीत.

खोली वाचवायची, म्हणून त्यांनी मुलांना गप्प बसवायला सुरुवात केली. कोणी तोंड उघडले, की त्यांची लांब पेन्सिल माझ्याकडे वळे. माझ्या अक्षरांवरून प्रेमाने फिरणारे मुलांचे डोळे आता मला पाहताच खाली जात. गोष्ट चालू राहिली, पण कुजबुजत. भोंगा दोन्ही हात तोंडावर दाबून बसे. हसू आले, की तिचे खांदे हलत आणि डोळ्यांत पाणी येई. मला ओरडून सांगावेसे वाटे, "हस, बाळ, हस." पण मी काय सांगणार? माझ्या अंगावर जे लिहिले होते, त्यातच मी कोंडलेली.

एके दिवशी आजी एकटीच आली, पुस्तक परत करायला.

"ती कुठे आहे?" ताईंनी विचारले.

"नाही म्हणते यायला. म्हणते, हसू पोटात ठेवलं की दुखतं." आजी जरा थांबली. "पोर आहे हो. काढलं काहीतरी निमित्त."

मग एकेक करून बाकीची मुलेही यायची थांबली. खिडकीची कड रिकामी झाली. एका संध्याकाळी सतरंजीवर कोणीच नव्हते. नेम तर मोडायचा नव्हता. ताईंनी पुस्तक उघडले आणि रिकाम्या सतरंजीला गोष्ट वाचून दाखवली, तीही कुजबुजत. ऐकायला मी एकटी होते.

पुढच्याच आठवड्यात साहेब आले. खुशीत होते. "वा, ताई, एकही तक्रार नाही." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "पण मुलंही नाहीत. मग ही जागा कशाला अडवून ठेवायची?"

इकडे आड, तिकडे विहीर, ती ही. आवाज झाला तरी खोली जाणार, नाही झाला तरी जाणार. ताईंनी हातातली लांब पेन्सिल खाली ठेवली.

"साहेब, मौन आपण होऊन धरलं, तर ते व्रत. दुसऱ्याच्या तोंडावर बांधलं, तर ती कोंडी. मी लेकरांना कोंडलं. खोली घ्या तुम्ही. मला मागची सायकलींची शेड द्या आणि मोठ्यानं वाचायची मोकळीक द्या."

"शेडमध्ये? आणि ऊन, पाऊस?"

"बघू की पुढच्या वर्षी," ताई म्हणाल्या. या वेळी साहेबांना हसू आले नाही.

सतरंजी गेली, पुस्तकांचे खोके गेले. मला काढायला शिपाई शिडी घेऊन आला, तर साहेब म्हणाले, "राहू दे रे. पाटी इथंच शोभते."

आता इथे लांब टेबले आहेत. सगळ्यांच्या माना खाली. माझे सगळे ऐकतात आणि माझ्याकडे कोणी पाहत नाही. संध्याकाळी मागच्या खिडकीतून ताईंचा मोकळा आवाज येतो. आधी दोघे-तिघेच असत. परवा मात्र भोंग्याचे हसू ऐकू आले आणि माझे लाकूड आतून शहारले. चष्मेवाला खिडकी लावायला उठला. कडीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. बाहेर गोष्ट संपेपर्यंत उभा होता. मग त्याने खिडकी हळूच लावून घेतली आणि जागेवर जाऊन पुस्तक उघडले. त्याचे तरी काय चुकले?

मित्रांनो, शांतता वाईट नसते. पण जिथे ती हवी, तिथे भिंत जाड बांधा. मुलांच्या तोंडावर पाटी ठोकून भिंतीचे काम भागवू नका. आणि माझी एक विनवणी ताईंपर्यंत पोचवा. माझी पाठ अजून कोरी आहे, रंधा मारलेली, गुळगुळीत. मला उतरवून शेडमध्ये न्या, उलटी टांगा आणि भोंग्याच्या हातात खडू द्या. ती काय लिहील ते मला ठाऊक नाही. वेडेवाकडे लिहिले तरी चालेल. फक्त स्क्रू काढताना जरा जपून. माझे लाकूड आता जुने झाले आहे.