क्वांटम महाराजांचा जोडमणी

"पांढरा! पांढरा निघाला!" मोबाईलवरून आवाज आला आणि पारावरची अख्खी गर्दी उठून उभी राहिली. महाराजांच्या डबीत लाल मणी होता. जोडीची सीलबंद डबी जीपमधून ऊसतोडीच्या फडावर गेली होती, ती तिथे आत्ता उघडली.

"बघितलं? इथं लाल दिसला, त्याच क्षणी शंभर कोसांवरचा पांढरा झाला! क्वांटम जोड आहे ही! परदेशातले शास्त्रज्ञ चक्रावलेत. आता इथल्या मण्याला विभूती चोळतो, तिथं पोरीचा ताप उतरतो. सुई नको, गोळी नको, फक्त श्रद्धेची रेंज पाहिजे!" महाराज गरजले.

पाथर्डीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी प्रज्ञा गर्दीतच होती, तिच्या अंगाची लाहीलाही झाली. वर्गात जे ती जपून, अडखळत शिकवायची, ते हा माणूस खुशाल विकत होता. आणि तिच्या शेजारच्या घरातल्या कडूबाई हात जोडून पुढेच उभ्या होत्या. त्यांची चार वर्षांची नात फडावर तीन दिवसांपासून तापानं फणफणत होती.

"कडूआजी, ट्रकात चढायच्या गडबडीत तुमच्या सुनेची एक चप्पल इथंच राहिली ना? कुठल्या पायाची?" प्रज्ञानं विचारलं.

"डाव्या."

"मग फडावर कुठली गेली?"

"उजवी. त्यात काय इचारायचं?"

"इथल्या चपलेला विभूती लावली, तर तिथल्या पायाला लागेल?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"मण्यांचंही तसंच. डब्या भरतानाच एकीत लाल, एकीत पांढरा. महाराज, आता डब्या मी भरते, दोन्हींत लालच. एक पांढरा करून दाखवा."

"नास्तिकांपुढं ऊर्जा थिजते," म्हणत महाराज झोळी आवरू लागले.

"म्हंजी क्वांटम खोटंच व्हय?" म्हाताऱ्या बन्सीनानांनी विचारलं.

"ते खरं आहे नाना, आणि चपलांपेक्षा लई अवघड. सूक्ष्म कणांचंही आधीच ठरलेलं असतं, एवढंच धरून चाललं तर प्रयोग जुळत नाहीत. मग नेमकं घडतं काय, यावर मोठमोठे लोक अजून भांडतात. पण त्या जोडीतून साधा निरोपही धाडता येत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. औषध कुठलं जातंय!"

फोन चालूच होता. कडूबाईंनी तो हिसकावून सुनेला बोलावलं. "मोनिका, पोरीला दवाखान्यात ने! आत्ताच्या आत्ता!"

"आत्या, ह्यांनी परवाच गाडी ठरवली हुती. तुमीच म्हनला, मनी येतोय, सुई टोचू नका. पोरगी सकाळपासनं डोळं उघडत न्हाई."

"उचल तिला, गाडीत घाल!" कडूबाई फोनवर ओरडल्या.

दवाखान्यात कळलं, मेंदूज्वर होता. पोरगी वाचली, पण तिला आता ऐकू येत नाही. लवकर आणली असती तर कदाचित कान वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

बाबांनो, शास्त्राचं नाव कुणीही घेईल. तपासू देतो का, एवढं विचारा, आणि आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्या. गावात कुणाला ताप आला की कडूबाई हेच सांगत दारात उभ्या राहतात, आणि गाडी निघेपर्यंत हलत नाहीत.